धुरकट आणि खारट सिंगल माल्ट स्कॉच चाखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांवर तयार होणारी धुरकट, खारट व्हिस्की पहिल्याच घोटाला आवडली असे सांगणारे लोक थोडेच भेटतात. बहुतेकांच्या मनात आधी शंका येतात, आणि त्या रास्तच असतात. पुढील उत्तरांसाठी मुख्य उदाहरण म्हणून स्काय बेटावरील टॅलिस्करची दहा वर्षे मुरलेली व्हिस्की घेतली आहे, कारण तिच्यात गोडी, मीठ, मिरी आणि धूर या चारही गोष्टी थोड्या सरावाने सुट्या सुट्या ओळखता येतात. स्कायच्या दक्षिणेकडील आयला बेटावरील व्हिस्की तुलनेसाठी येतील.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातील व्हिस्की का?

नाही. ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीला लागू होतो, पिंपाला नव्हे. एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून, म्हणजे माल्टपासून, तांब्याच्या भांड्यांत ऊर्ध्वपातन करून काढलेली व्हिस्की ती सिंगल माल्ट. बाटलीत मात्र अनेक पिंपांतील माल एकत्र केलेला असतो. ओकच्या पिंपात स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षे मुरवणे आणि बाटलीतील अल्कोहोल किमान ४० टक्के असणे कायद्याने बंधनकारक आहे. लेबलवर दहा वर्षे लिहिलेली असतील, तर मिश्रणातील सर्वांत कोवळी व्हिस्की दहा वर्षांची असते. रंगावरून मात्र काहीही ठरवू नये, कारण रंग सारखा राखण्यासाठी साखरेचा करपवलेला रंग घालण्यास कायद्याने परवानगी आहे.

व्हिस्कीत धूर येतो तरी कुठून? पिंप जाळतात म्हणून का?

पिंपे आतून जाळतात हे खरे, पण त्यातून व्हॅनिला, कारमेल आणि भाजल्या लाकडाची छटा मिळते. ज्या धुरामुळे ही व्हिस्की ओळखली जाते, तो त्याच्या कितीतरी आधी, धान्यातच शिरलेला असतो.

आपण मटकीला मोड आणतो तसे जव भिजवून त्यांना मोड आणतात. मोड एका मर्यादेपर्यंत आला की तो थांबवावा लागतो, नाहीतर पुढे मद्य व्हायची साखर ज्यापासून बनते तो पिष्ट रोपटेच खाऊन टाकेल. म्हणून ते ओले धान्य भट्टीच्या जाळीवर पसरून वाळवतात. या बेटांवर झाडे कमी आणि दलदल अफाट असल्यामुळे शतकानुशतके घरातल्या चुलीपासून या भट्टीपर्यंत सगळीकडे एकच सरपण होते, ते म्हणजे पीट. शेवाळ, गवत आणि हेदरची झुडपे पाण्याखाली अर्धवट कुजून हजारो वर्षे थरावर थर साचतात आणि त्यांची काळपट, लोण्यासारखी कापता येणारी माती तयार होते. साचण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर. विटांसारखे तुकडे कापून, उन्हावाऱ्यात वाळवून ते जाळले की ज्वाळा कमी आणि दाट धूर जास्त निघतो. धान्य जोवर ओलसर असते तोवरच हा धूर टरफलाला धरतो. एकदा ते कोरडे झाले की कितीही धूर द्या, फारसा उपयोग होत नाही.

आज कोळसा, तेल आणि वायू सहज मिळत असताना पीट जाळण्याची निकड उरलेली नाही. आता हा धूर केवळ चवीसाठी, मोजूनमापून दिला जातो. बहुतेक डिस्टिलरी तयार धुरावलेले धान्य मोठ्या कारखान्यांतून घेतात. आयलावरील लाफ्रॉइग, बोमोर आणि किलहोमन येथे मात्र गरजेचा काही भाग अजूनही स्वतःच्या फरशीवर मोड आणून, स्वतःच्या भट्टीत वाळवला जातो.

पीपीएमचा आकडा जितका मोठा तितकी व्हिस्की धुरकट, हे खरे का?

अर्धेच खरे. धुरातील फिनॉल गटाची संयुगे धान्यात दशलक्ष भागांत किती भाग आहेत ते हा आकडा सांगतो. टॅलिस्करच्या धान्यात तो सुमारे २०, आयलावरील लागावूलिन आणि कल ईला यांच्यात ३५ च्या आसपास, लाफ्रॉइगच्या ४० च्या वर, अर्डबेगच्या सुमारे ५५, तर ब्रुक्लॅडी डिस्टिलरीत तयार होणाऱ्या ऑक्टोमोरच्या बहुधा शंभराच्याही पुढे असतो. पण हा आकडा धान्याचा आहे, पेल्यातील व्हिस्कीचा नव्हे. दळणे, आंबवणे आणि ऊर्ध्वपातन या वाटेवर बराच फिनॉल गळून पडतो, आणि उरलेला पिंपात वर्षे जातील तसा मंदावतो.

लागावूलिन आणि कल ईला ही दोन नावे येथे मुद्दाम एकत्र घेतली आहेत. दोघींचे धान्य आयलावरील पोर्ट एलन गावच्या एकाच कारखान्यातून, जवळपास सारखाच धूर देऊन येते. तरीही पहिली जाड, राखाडी, मनुकांच्या गोडीची लागते आणि दुसरी हलकी, लिंबाच्या सालीसारखी स्वच्छ. ऊर्ध्वपातनात फिनॉल उशिरा उतरतात, त्यामुळे वाहती धार कोणत्या क्षणी थांबवायची या एका निर्णयावर धुराचे प्रमाण आणि त्याचा स्वभाव बराचसा ठरतो. त्यात भांड्याचा आकार आणि पिंपाची निवड यांची भर पडते. आकडा पाहून बाटली निवडणे म्हणजे मिरच्यांची संख्या मोजून रस्सा निवडण्यासारखे आहे.

या व्हिस्कीला दवाखान्याचा वास का येतो?

कारण तो वास खरोखरच दवाखान्याचा आहे. आमच्या घरी लाफ्रॉइगची बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा आतल्या खोलीतून मावशींनी ‘कुणाला लागलंय का रे?’ असे विचारले होते, आणि त्यांचे नाक अजिबात चुकले नव्हते. पीटच्या धुरात फिनॉल आणि क्रेसॉल असतात. फिनॉलचे जुने नाव कार्बोलिक आम्ल, आणि जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली शस्त्रक्रियेतील जखमांवर ते वापरून जंतुनाशनाचा पाया घातला तो ग्लासगोमध्ये, म्हणजे स्कॉटलंडमध्येच. जुन्या लाल लाइफबॉय साबणाचा वास ज्यांना आठवतो त्यांना ही व्हिस्की तुलनेने लवकर उमगते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

या वासाला पुष्कळ जण ‘आयोडिन’ म्हणतात आणि त्याचे श्रेय समुद्री शेवाळाला देतात. वर्णन म्हणून तो शब्द चालेल. कारण म्हणून तो चुकीचा आहे.

आणि मीठ? समुद्राचा खारा वारा पिंपात शिरतो, हे खरे का?

ही कथा इतकी सुंदर आहे की ती मोडायला जीवावर येते. बेटावरील गोदाम, भिंतीवर आदळणाऱ्या लाटा, लाकडाच्या छिद्रांतून श्वास घेणारे पिंप आणि त्या श्वासाबरोबर आत जाणारे मीठ! बोमोरचे पहिल्या क्रमांकाचे गोदाम तर समुद्रसपाटीच्या खाली आहे.

अडचण अशी की मीठ उडत नाही. त्याचा उत्कलनबिंदू १४०० अंश सेल्सिअसच्या वर असल्यामुळे ऊर्ध्वपातनात ते भांड्याच्या तळाशीच राहते. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करण्याची जुनी युक्ती हीच. खाऱ्या वाऱ्यातून पिंपाच्या बाहेरील अंगावर मिठाचे कण बसतील, पण जाड ओकच्या फळीतून जिभेला जाणवेल इतके मीठ आत जाणे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय कल ईलासारख्या डिस्टिलरीचा बहुतेक माल टँकरने मुख्य भूमीवर जातो आणि समुद्रापासून दूर गोदामांत मुरतो, तरी तिच्यातील सागरी छटा कायम राहते.

मग आपल्याला लागते ते काय? माझ्या समजुतीप्रमाणे ते बहुतांशी नाकाने जिभेला दिलेले वचन आहे. व्हॅनिलाच्या अर्कात साखर नसते, तरी त्याचा वास आपण ‘गोड’ म्हणतो, कारण आयुष्यभर तो गोड पदार्थांतच भेटलेला असतो. सुक्या बोंबलांची टोपली शेजारून गेली तरी तोंडात खारट पाणी सुटते, बोंबील मात्र टोपलीतच असतात. टॅलिस्करमधील धुराचा, शेवाळाचा, ओल्या दोरखंडाचा वास नाकात शिरला की मेंदू जुना किनारा शोधून काढतो आणि मीठ स्वतःच घालतो. अनेक वेळा वापरलेल्या पिंपांतून गोडी बेताचीच येते, आणि गोडी कमी असली की खारटपणा उठून दिसतो.

पडताळा घरीच घेता येतो. नाक चिमटीत घट्ट धरून छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा आणि गिळा. जिभेवर किंचित गोडी, किंचित कडवटपणा आणि अल्कोहोलची जळजळ एवढेच उरेल. आता चिमटी सोडा. घशाच्या मागून वास नाकात चढताच धूर आणि मीठ दोन्ही एकदम प्रकट होतात. हा प्रयोग मी ज्यांना ज्यांना करायला लावला, त्यांतील बहुतेकांनी लगेच दुसऱ्यांदा नाक धरले.

टॅलिस्करमध्ये शेवटी मिरी का लागते?

स्कायवरील कारबॉस्ट गावात, लॉख हारपोर्ट या खाडीच्या काठी १८३० साली सुरू झालेल्या या डिस्टिलरीची भांडी काहीशी विचित्र आहेत. पहिल्या ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांवरील वाफेच्या नळीला इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा बाक आहे, त्यामुळे जड वाफ तेथे अडखळून परत खाली येते आणि पुन्हा उकळते. पुढे वाफ थंड करण्यासाठी आधुनिक उभे कंडेन्सर न वापरता पाण्याने भरलेल्या लाकडी पिंपात बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी वापरतात. गोव्यात फेणीच्या भट्टीवर पाण्याच्या टाकीतील अशी वेटोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. तिच्यात वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो, म्हणून गंधकाची काही संयुगे मागे राहतात आणि मद्य जड, मांसल होते. या साऱ्याचा परिणाम म्हणून ती मिरी येते असे मानले जाते. १९६० मध्ये आग लागून येथील ऊर्ध्वपातनगृह जळाले, तेव्हा नवी भांडी जुन्यांची हुबेहूब नक्कल करून बसवली गेली, यावरून त्या आकारावर लोकांचा किती विश्वास होता ते कळते.

मिरी जाणवते ती घोट गिळल्यानंतर दोन-तीन क्षणांनी, जिभेच्या मागच्या भागावर. ४५.८ टक्के अल्कोहोलचा तिला हातभार आहेच, पण कोरी अल्कोहोलची जळजळ ओठांपासून सुरू होते आणि ही मागून येते, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्रत्यक्ष चाखावे कसे?

तोंडाशी निमुळता होणारा, ट्यूलिपच्या आकाराचा छोटा पेला घ्यावा. रुंद, सरळ ग्लासात वास पसरून निघून जातो. त्यात २० मिलिलिटर पुरे. पेला ओतून किमान दहा मिनिटे तसाच ठेवावा, कारण पहिल्या क्षणी अल्कोहोल पुढे असते आणि त्याच्या मागे उभे असलेले काही दिसत नाही.

हुंगताना नाक पेल्यात खुपसू नये. हनुवटीच्या पातळीवरून हळूहळू वर आणावा आणि तोंड किंचित उघडे ठेवावे, म्हणजे नाकाला झोंबत नाही. धुरकट व्हिस्कीच्या बाबतीत एक खोडी ध्यानात घ्यावी : नाक धुराला फार लवकर सरावते. चार-पाच मिनिटांत धूर मंद झाल्यासारखा वाटतो, आणि नेमके तेव्हाच त्याच्याखाली दडलेले नाशपती, मध किंवा भाजलेल्या धान्याची गोडी वर येते. अनुभवी लोक या क्षणाची वाट पाहतात. नवखे तेवढ्यात पेला संपवून मोकळे होतात.

पहिला घोट केवळ जिभेची ओळख करून देण्यासाठी, अगदी थेंबभर घ्यावा आणि त्यावर मत बनवू नये. दुसरा तोंडात दहा-पंधरा सेकंद फिरवावा. टॅलिस्करमध्ये क्रम बहुधा असा असतो : आधी माल्टची गोडी, मग खारटपणा, त्यानंतर मिरी, आणि सर्वांत शेवटी धूर, जो नाकातून श्वास सोडला की परत येतो.

पाणी घालावे का? बर्फ? सोडा?

पाणी अवश्य, पण चमच्याने, काही थेंब. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे दाखवले की धुरकट वासाला कारणीभूत असलेले ग्वायाकॉल हे संयुग अल्कोहोलचे प्रमाण जास्त असताना द्रवाच्या आत दडून राहते आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे सरकते, म्हणजेच नाकाच्या जवळ येते. आधी कोरा घोट, मग तीन-चार थेंब, मग पुन्हा हुंगणे, असे टप्प्याटप्प्याने करावे.

बर्फाने जीभ बधिर होते आणि वास कोंडतो, त्यामुळे चाखण्यासाठी तो नको. मात्र ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला ज्यांनी दिला, त्यांची खोली १८ अंशांची होती. मे महिन्यातील ठाण्यात किंवा नागपुरात पाणी न घातलेल्या पेल्यातून अल्कोहोलचा भपकाच आधी येतो. रिकामा पेला पाच मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मग ओतणे हा साधा उपाय आहे. सोड्याबद्दल माझा आग्रह नाही : टॅलिस्कर, सोडा आणि वरून चिमूटभर भरडलेली काळी मिरी हे उन्हाळ्यातील उत्तम पेय आहे, फक्त ते चाखणे नव्हे.

इंग्रजी टिपणांतील वास मला येतच नाहीत. माझे नाक कमी आहे का?

नाक ठीक आहे. टिपण दुसऱ्याच्या घरातले आहे. धुरावलेली हेरिंग मासळी, पाचोळ्याची होळी, क्रिओसोट हे डांबरी तेल लावलेले कुंपण, नाताळचा केक हे ब्रिटिश बालपणाचे वास आहेत. ज्याने ते कधी घेतलेच नाहीत त्याने पेल्यात ते शोधणे व्यर्थ आहे.

आपल्याकडे धुराची शब्दसंपत्ती त्याहून गरीब नाही. पेटत्या निखाऱ्यावर तूप सोडून दिलेला धुंगार, हुरड्याच्या शेकोटीची राख, थेट विस्तवावर भाजलेल्या वांग्याची करपलेली साल, पावसाळ्यात ओल्या लाकडांनी घुसमटणारी चूल, विझलेल्या उदबत्तीचे टोक : हे पाचही धूर वेगळे आहेत आणि प्रत्येक मराठी नाकाला ते वेगळे कळतात. माझ्या वहीत लागावूलिन धुंगाराच्या पानावर आहे, कल ईला विझलेल्या शेकोटीच्या, आणि टॅलिस्करसमोर ‘मिरकरवाडा बंदर, सकाळी सहा, जाळी वाळत घातलेली, शेजारी चहाच्या टपरीची चूल’ असे लिहिलेले आहे. दुसऱ्या कोणाला तेथे वेगळे बंदर दिसेल. शब्द आधी स्वतःचा लिहावा, दुसऱ्याचे टिपण नंतर वाचावे. उलट केले की वाचलेलेच वास येऊ लागतात.

एका बैठकीत किती व्हिस्की चाखाव्यात आणि कोणत्या क्रमाने?

तीनपेक्षा जास्त नकोत, आणि कमी धुरापासून जास्त धुराकडे जावे. बोमोर, टॅलिस्कर, लाफ्रॉइग हा क्रम नवख्यांना मानवतो. उलट क्रमाने गेल्यास लाफ्रॉइगनंतरची बोमोर पाण्यासारखी लागेल.

सोबत चखणा काय असावा?

चाखत असताना काहीच नाही. तिखट शेव आणि मसाला शेंगदाणे तर मुळीच नाहीत, कारण तिखटाने पेटलेल्या जिभेला मिरी कशी कळणार? चाखून झाल्यावर मात्र हौस करावी. आयलावर शिंपल्यातील ताज्या कालवावर धुरकट व्हिस्कीचे काही थेंब सोडून ते खाण्याची रीत आहे, आणि आपल्या कोकणातही कालवे निघतात. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, नुसते मीठ लावलेले काजू किंवा जुने, खारट चीज हेही जुळते. काहीशी अनपेक्षित जोडी गुळाची : चिक्कीचा लहान तुकडा आणि लागावूलिन.

भारतात धुरकट सिंगल माल्ट तयार होते का?

होते. गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या काही व्हिस्कींसाठी स्कॉटलंडहून आणलेला पीट वापरतात, आणि बंगळुरूच्या अमृतचीही धुरकट आवृत्ती आहे. फरक हवामानाचा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जाते. आपल्याकडील उष्णतेत ते त्याच्या कितीतरी पट उडते आणि लाकडाचा अर्कही झपाट्याने उतरतो. त्यामुळे येथील धूर जाड गोडीत गुंडाळून येतो. समुद्राजवळच्या गोव्यात मुरूनही पॉल जॉन मला टॅलिस्करसारखी खारट लागत नाही, हेही वरील मिठाच्या उत्तराला जोडून पाहावे.

विमानतळावरून आणल्यास किती आणता येते? महाराष्ट्रातील नियम काय?

परदेशातून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशास दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी किमान वय २५ वर्षे आहे आणि मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन मिळतो.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

उभी ठेवावी, आडवी नव्हे. वाइनप्रमाणे आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोल बुचाला खाते. ऊन लागू देऊ नये. खराब अशी ती होत नाही, पण बाटली निम्म्याहून रिकामी झाली की आतील हवेने वास मंदावत जातो, आणि धुरकट व्हिस्कीत हा बदल चटकन जाणवतो. तळाशी चतुर्थांश उरली असेल तर ती लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी किंवा मित्रांना बोलावावे.

पेला लगेच धुवावा का?

धुऊ नये. व्हिस्कीचा शेवटचा थेंब सुकू द्यावा आणि पेला रात्रभर ओट्यावर तसाच ठेवावा. अल्कोहोल आणि फळांचे हलके वास रातोरात उडून जातात, जड फिनॉल काचेला चिकटून राहतात. सकाळी चहाचे आधण ठेवताना तो हुंगून पाहावा : त्यात मीठ नसते, मिरी नसते, सारवलेल्या चुलीतील गार राख तेवढी असते.